बॉयलर तपासनिसाचा जन्म

एक लिटर पाणी उघड्यावर उकळून संपवले तर त्याची सुमारे सोळाशे ते सतराशे लिटर वाफ होते. हीच वाफ बंद भांड्यात कोंडली की दाब वाढतो आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब असलेल्या बॉयलरमधले पाणी १७० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असते. अशा बॉयलरचा पत्रा फाटला तर दाब क्षणात उतरतो. मग शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेल्या त्या पाण्याचा सातवा-आठवा हिस्सा एकदम वाफ होऊन उसळतो. आसपासच्या भिंती पाडण्याची ताकद आधी साठलेल्या वाफेपेक्षा या पाण्यात जास्त असते. एकोणिसाव्या शतकातल्या कापडगिरण्यांमधला लँकेशायर बॉयलर साधारण ३० फूट लांब आणि ८ फूट व्यासाचा असे. त्यात वीसेक टन पाणी असे, आणि भिंतीपलीकडे माणसे मागावर उभी असत.

कामाच्या जागेवरचे धोक्याचे यंत्र वापरण्याआधी आणि पुढे ठरलेल्या मुदतीने जाणकाराने तपासावे, तो जाणकार मालकाचा मिंधा नसावा आणि त्याच्या दाखल्यावाचून यंत्र चालू नये, ही आज सर्वत्र मान्य असलेली पद्धत मुख्यतः बॉयलरच्या इतिहासातून आली आहे. ती रुजायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. तपासायचे कसे, हे त्यातल्या बऱ्याच काळात माहीत होते. तपासणीची सक्ती करण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर घोडे अडले होते.

वाफेचा दाब मोकळा करणारी झडप वाफेच्या इंजिनांपेक्षाही जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने १६७९ मध्ये हाडे शिजवून मऊ करणारे बंद भांडे बनवले, आणि ते फुटू नये म्हणून त्यावर वजनाने दाबून धरलेली झडप बसवली. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर या भांड्याचा थेट वंशज आहे. शिट्टीचे वजन आणि झाकणावरचा वितळणारा सेफ्टी प्लग ही बॉयलरचीच दोन जुनी संरक्षणे त्यात लहान आकारात दिसतात. न्यूकोमेनने १७१२ मध्ये उभारलेले खाणीतले पाणी उपसणारे इंजिन आणि नंतरची वॅटची इंजिने फार कमी दाबावर चालत. वॅटचा जास्त दाबाच्या वाफेला ठाम विरोध होता. कॉर्नवॉलचा रिचर्ड ट्रेव्हिथिक मात्र त्या वाटेने गेला, कारण दाब वाढवला की इंजिन लहान आणि स्वस्त होते.

८ सप्टेंबर १८०३ रोजी लंडनजवळ ग्रिनिच येथे ट्रेव्हिथिकचा एक बॉयलर फुटला. पिठाच्या गिरणीच्या पायात साचणारे पाणी उपसायला ते इंजिन लावले होते. ते सांभाळणारा मुलगा ईल मासे पकडायला गेला आणि जाताना इंजिन एका मजुराच्या हवाली करून गेला. इंजिन फार वेगाने धावू लागल्याचे पाहून मजुराने ते थांबवले. मात्र झडपेची दांडी एका पान्याने दाबून अडकवलेली होती आणि तो पाना त्याने काढला नाही. इंजिन थांबल्यामुळे वाफेचा खप थांबला, झडप उघडेना आणि थोड्याच वेळात बॉयलरच्या ठिकऱ्या उडाल्या. चार माणसे गेली. ट्रेव्हिथिकने यातून दोन सुधारणा केल्या. एकाऐवजी दोन झडपा बसवायच्या आणि त्यातली एक कामगाराच्या हाताला न लागेल अशी ठेवायची, ही पहिली. दुसरी म्हणजे भट्टीच्या वरच्या पत्र्यात शिशाची खुंटी. पाण्याची पातळी घसरून तो पत्रा उघडा पडला की शिसे वितळते आणि त्या भोकातून येणारी वाफ व पाणी आग विझवते. या खुंटीची सुधारलेली रूपे पुढे जगभरच्या बॉयलरांत बसली. परंतु झडप कितीही चांगली असली तरी ती कोणी बांधून ठेवलेली नाही, खुंटीवर क्षारांचा थर चढलेला नाही, हे कोणीतरी जाऊन पाहायला हवे होते. तसे पाहणारा माणूस १८०३ मध्ये नव्हता.

४ एप्रिल १८१७ रोजी इंग्लंडमध्ये नॉर्विच येथे एका प्रवासी बोटीचा बॉयलर फुटून नऊ जण मरण पावले. बॉयलरचे एक तोंड ओतीव लोखंडाचे होते आणि झडपेवर वाजवीपेक्षा जास्त वजन चढवलेले होते. ब्रिटिश पार्लमेंटने समिती नेमली. प्रवासी बोटींचे बॉयलर ठिसूळ ओतीव लोखंडाचे नसावेत, प्रत्येकावर दोन झडपा असाव्यात आणि जाणकार अभियंत्याने ते तपासावेत, अशा शिफारशी समितीने केल्या. पुढच्या काळातल्या कायद्यांचे सगळे सार या शिफारशींत आहे. पण त्यांचा कायदा झाला नाही. खासगी मालमत्तेत सरकारने डोकावू नये, तपासणीची सक्ती केली तर मालक बेफिकीर होतील आणि यंत्रविद्येची प्रगती खुंटेल, असा युक्तिवाद त्या वेळी झाला आणि पुढे साठ वर्षे होत राहिला. भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांचे मत या वादात कोणी विचारले नाही.

सक्ती टाळायला आणखी एक सबब उपयोगी पडे. स्फोट गूढ असतात, असे अनेक शिकलेली माणसेही मानत. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडले की त्याचे विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि तो पेटतो, असे काही जण म्हणत. काही जण विजेला दोष देत. अमेरिकेत वाफेच्या बोटींचे अपघात वाढल्यावर सरकारने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला पैसे दिले आणि १८३० च्या दशकात तिथे बॉयलर मुद्दाम फोडून प्रयोग झाले. हायड्रोजनची कल्पना त्यात टिकली नाही. दाब हळूहळू वाढत गेला तरी पत्रा एका क्षणी प्रचंड धडाक्याने फाटू शकतो, त्याला कोणत्याही गूढ शक्तीची गरज नसते, हे सिद्ध झाले. तरीही इंग्लंडमध्ये कॉरोनरपुढे बसलेली ज्युरी वर्षानुवर्षे ‘अपघाती मृत्यू’ एवढाच निकाल देत राहिली. कारण कळण्यासारखे नसेल तर जबाबदारीही कोणाची नसते, ही त्यातली खरी सोय होती.

ही सोय मोडायला मँचेस्टरमध्ये सुरुवात झाली. गिरण्यांच्या या शहरात विल्यम फेअरबेर्न हा नामांकित अभियंता होता. दोन भट्टीनळ्यांच्या लँकेशायर बॉयलरचे १८४४ चे पेटंट त्याच्या नावावर होते, म्हणजे हजारो गिरण्यांत धगधगणारे यंत्र त्यानेच घडवले होते. त्याच्या पुढाकाराने १८५४-५५ मध्ये बॉयलरचे स्फोट टाळण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे ती मँचेस्टर स्टीम यूजर्स असोसिएशन या नावाने ओळखली गेली. मालकांनी वर्गणी द्यायची आणि संस्थेच्या तपासनिसांनी ठरावीक काळाने येऊन बॉयलर आतून-बाहेरून पाहायचा, अशी तिची रीत होती. सक्ती कसलीच नव्हती. फेअरबेर्न स्वतः प्रयोगांनाही बसला. बॉयलरच्या आतल्या भट्टीनळ्यांवर बाहेरून दाब येतो, आणि नळी जितकी लांब तितकी ती कमी दाबाला चेपते, हे त्याने १८५८ मध्ये दाखवून दिले. नळीला मधूनमधून कडी घालून मजबुती देण्याची पद्धत त्यानंतर पसरली.

संस्थेचा एक मुख्य तपासनीस, रॉबर्ट लाँग्रिज, बाहेर पडून विम्याकडे वळला. बॉयलर फुटला तर भरपाई देणारी स्टीम बॉयलर अ‍ॅश्युरन्स कंपनी मँचेस्टरमध्ये १८५८ च्या सुमारास निघाली. भरपाई द्यावी लागू नये म्हणून विमा कंपनीच बॉयलर नीट तपासणार, हा हिशेब पक्का होता, आणि उपदेशाने जे साधले नव्हते ते पैशाच्या भीतीने बऱ्याच अंशी साधले. लॅव्हिंग्टन फ्लेचर हा १८६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ असोसिएशनचा मुख्य अभियंता होता. विम्याने भरपाई मिळते, मेलेला माणूस परत येत नाही, म्हणून तपासणी हेच खरे काम आहे, ही त्याची भूमिका होती. स्फोट झाला की तो तिथे पोहोचे, फाटलेल्या कडा पाही, पत्र्याची जाडी मोजी आणि गंजून कागदाइतका पातळ झालेला पत्रा, क्षारांचा थर, अडकलेली झडप असे साधे कारण पुढे मांडी. या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम त्याचे मानायला हरकत नाही, कारण त्याने एकेका स्फोटाचे गूढ उकलून ते मालकाच्या दारात नेऊन ठेवले.

अखेर १८८२ मध्ये ब्रिटनने बॉयलर स्फोटांचा कायदा केला. त्यातही तपासणीची सक्ती नव्हती. प्रत्येक स्फोटाची सरकारी चौकशी आणि अहवाल, एवढेच त्यात होते. पण अहवाल छापून येऊ लागले आणि ‘कारण अज्ञात’ म्हणणे अवघड झाले. १९०१ च्या कारखाना कायद्याने प्रत्येक बॉयलर दर १४ महिन्यांतून एकदा तरी जाणकाराने पूर्ण तपासलाच पाहिजे, असे बंधन आले. नॉर्विचच्या समितीनंतर ८४ वर्षांनी.

जर्मनीत वेगळी वाट निघाली. १८६५ च्या जानेवारीत मानहाइम इथल्या एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला. पुढच्या वर्षी बाडेनमधल्या बॉयलरमालकांनी एकत्र येऊन तपासणीसंघ काढला आणि तशा संघांतूनच आजच्या ट्यूफ संस्था वाढल्या. गाड्यांपासून लिफ्टपर्यंत शेकडो वस्तूंवर त्यांचा शिक्का दिसतो.

त्याच १८६५ मध्ये, २७ एप्रिलच्या पहाटे, अमेरिकेत मिसिसिपी नदीवर मेम्फिसजवळ ‘सुलताना’ ही बोट फुटली. बोटीची क्षमता ३७६ प्रवाशांची होती आणि तिच्यावर दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली होती. यादवी युद्धातून सुटून घरी निघालेले कैदी सैनिक त्यात बहुसंख्य होते. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण कमीत कमी अंदाजही हजाराच्या वर आहे. अमेरिकेत बोटींच्या बॉयलरांची सक्तीची तपासणी १८३८ पासून होती आणि ‘सुलताना’ची तपासणी त्याच महिन्यात झालेली होती. नंतरच्या प्रवासात एका बॉयलरचा पत्रा फुगला. तो भाग कापून बदलायला हवा होता, पण वेळ वाचवायला त्यावर मूळ पत्र्याहून पातळ ठिगळ मारण्यात आले. दाखल्यानंतर झालेली दुरुस्तीही तपासली गेली पाहिजे, हा नियम पुढे जवळपास प्रत्येक बॉयलर कायद्यात आला त्यामागे असे अनुभव आहेत. १८६६ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्ड शहरात तपासणी आणि विमा एकत्र करणारी कंपनी स्थापन झाली. मँचेस्टरचा नमुना तिच्या संस्थापकांपुढे होता.

तपासणी असूनही न दिसणारा दोष अमेरिकेनेच पुढे पाहिला. २० मार्च १९०५ रोजी सकाळी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावात ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला. तो मजले फोडत छपरातून बाहेर गेला, चार मजली लाकडी इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याने पेट घेतला. ५८ माणसे गेली. हा जुना, राखीव बॉयलर होता. त्याचे पत्रे गोल वाकवून त्यांच्या कडा एकमेकींवर चढवलेल्या आणि रिव्हेटांनी सांधलेल्या होत्या. असा सांधा असला की बॉयलरचा काप पुरता गोल राहत नाही, जोडापाशी थोडी पायरी पडते. दाब चढला की पत्रा गोल व्हायला पाहतो, दाब उतरला की परत येतो. रोज भट्टी पेटते आणि विझते, तसा तो जोडापाशी केसभर वाकत राहतो. वर्षानुवर्षांनी तिथे बारीक तडा जातो, आणि तो नेमका वरच्या पत्र्याखाली झाकलेल्या बाजूला असतो. आत शिरलेल्या तपासनिसाला तो दिसत नाही, बाहेरून पाहणाऱ्यालाही नाही.

डोळ्याला न दिसणाऱ्या दोषावर उपाय एकच उरतो, तसा जोड मुळात करूच न देणे. तपासणी तयार यंत्रावरून मागे सरकून आराखड्यापर्यंत गेली ती इथे. मॅसॅच्युसेट्सने १९०७ मध्ये बॉयलर नियमांचे मंडळ स्थापन केले. पत्र्याची जाडी किती, रिव्हेटांमधले अंतर किती, जोड कसा, हे कायद्याने ठरू लागले. पत्र्यांच्या कडा समोरासमोर ठेवून आतून-बाहेरून पट्ट्या मारण्याची रीत आली. पण शेजारच्या राज्यांचे नियम वेगळे निघाले आणि एका राज्यासाठी बनवलेला बॉयलर दुसऱ्यात बसवता येईना. म्हणून अमेरिकेच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एएसएमईने, १९११ मध्ये समिती नेमली आणि १९१४ ची आवृत्ती म्हणून ओळखली जाणारी पहिली संहिता सिद्ध केली. आज जगात अनेक ठिकाणी दाबपात्रे बनवताना तिचा आधार घेतात.

भारतात सक्ती ब्रिटनच्या आधी आली. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेकांचे जीव गेले, आणि लगेच १८६४ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने कलकत्ता शहर आणि उपनगरांतल्या बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. मँचेस्टरच्या मालकाला ज्या सक्तीपासून अजून जवळपास चाळीस वर्षे सूट मिळणार होती, ती इथे एका वर्षात लागू झाली. वसाहतीतल्या सरकारला पार्लमेंटमधल्या मालकांच्या गटाशी झगडावे लागत नव्हते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवची ही गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या चार दशकांत लालबाग, परळ, भायखळ्याकडे धुराड्यांची रांग उभी राहिली. बॉयलर लँकेशायरहून बोटीने येत, आणि त्यांच्यापुढे कोळसा ओढायला कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे उभी राहत. गिरणगावाच्या इतिहासात मागवाले आणि त्यांचे संप येतात. बॉयलरखान्यातला फायरमन त्यात क्वचितच दिसतो, आणि ही उणीव खटकते, कारण त्याच्या एका डुलकीवर सगळ्या खात्यांचे जीव टांगलेले असत. काचनळीतली पाण्याची पातळी, गेजवरचा काटा आणि भट्टीचा रंग यांवर त्याला पाळीभर नजर ठेवावी लागे. मुंबई इलाख्यातही तपासणीचा कायदा झाला. १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा आल्यावर बॉयलर आणि धूर ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे राहिली. ते व्यवहाराला धरूनच होते, कारण ज्या भट्टीत कोळसा नीट जळत नाही तिथे धूरही दाट निघतो आणि बॉयलरही बिघडतो.

प्रांतोप्रांती मात्र एकवाक्यता नव्हती. १९२० पर्यंत देशात बॉयलरविषयी सात वेगवेगळे कायदे होते आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणून बॉयलर कायदे समिती नेमली गेली, तिच्या अहवालावरून भारतीय बॉयलर कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. पाच गॅलनांपेक्षा मोठे, वाफ तयार करणारे बंद भांडे म्हणजे बॉयलर, अशी त्याची व्याख्या होती. रेल्वेची इंजिने वगळली होती. प्रत्येक बॉयलरची नोंदणी व्हायची आणि त्याचा क्रमांक त्याच्या अंगावर कायमचा उमटवायचा. दाखला जास्तीत जास्त बारा महिन्यांचा, आणि त्यावर लिहिलेल्या दाबापलीकडे बॉयलर चालवणे हा गुन्हा. अपघात झाला तर २४ तासांत कळवायचे. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते.

वार्षिक तपासणीची तयारी बॉयलर थंड करण्यापासून सुरू होते. पाणी सोडून देतात, मनुष्यद्वार उघडतात, नळ्यांतली काजळी आणि आतला क्षारांचा थर खरवडून काढतात. शेजारी दुसरा बॉयलर चालू असेल तर वाफेची सामाईक नळी चकती घालून पक्की बंद करतात, कारण आत माणूस असताना नुसत्या बंद झडपेवर विसंबता येत नाही. तपासनीस दिवा आणि हातोडी घेऊन आत शिरतो. निरोगी पत्र्यावर ठोकले की खणखणीत आवाज येतो, तडा गेलेला किंवा आतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. आता जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक उपकरण असते, पण हातोडी गेलेली नाही. मग पाण्याच्या दाबाची चाचणी होते. नव्या बॉयलरला ती कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने देतात. चाचणी थंड पाण्याने घेण्याचे कारण असे की पाणी दाबाने जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पत्रा फाटलाच तर थोडे पाणी उडून दाब उतरतो, स्फोट होत नाही. शेवटी भट्टी पेटवून वाफेवर चाचणी होते आणि ठरलेल्या दाबाला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो की नाही ते तपासनिसासमोर पाहिले जाते.

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत या क्रमाला हंगामाची लय मिळाली आहे. गाळप संपले की बॉयलर उघडायचा, पावसाळ्यात नळ्या बदलायच्या, दाखला घ्यायचा, आणि दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर अग्निप्रदीपन करायचे. पूजेला अध्यक्ष, संचालक, सभासद जमतात. त्या समारंभाआधी तपासनीस येऊन गेलेला असतो, आणि कारखान्यातल्या जुन्या माणसांना त्याचे महत्त्व पुरते ठाऊक असते.

बॉयलरसाठी घडलेली रीत पुढे इतर यंत्रांना लागली. १९४८ च्या कारखाना कायद्याने माल आणि माणसे नेणारे उद्वाहक दर सहा महिन्यांनी, तर क्रेन, साखळ्या, दोर दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासून नोंद ठेवण्याचे बंधन घातले.

बॉयलरचा धोका फक्त वाफेच्या बाजूला नसतो, हे १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातल्या उंचाहार वीजकेंद्रात दिसले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ५०० मेगावॉटच्या संचात भट्टीच्या तळाशी राख साचून घट्ट झाली होती. भट्टीतला दाब वाढला आणि तप्त वायू व राख कामगारांच्या अंगावर आली. चाळीसहून अधिक जण मरण पावले. पत्रे आणि नळ्या नव्या होत्या. इथे प्रश्न चालू यंत्राचा होता, राख साचत असताना संच बंद करायचा की चालू ठेवायचा हा, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाच्या आवाक्यात तो येत नाही.

दरम्यान कायदाही बदलत होता. २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकांखेरीज मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था आणि सक्षम व्यक्तींना तपासणीची मुभा दिली. २०२५ मध्ये संसदेने १९२३ चा कायदा रद्द करून नवा बॉयलर कायदा संमत केला. काही किरकोळ गुन्ह्यांची कैद जाऊन त्यांच्या जागी दंड आले. नोंदणी, मुदतीचा दाखला, दाबाची मर्यादा आणि अपघाताची चौकशी ही जुन्या कायद्याची चौकट मात्र तशीच राहिली आहे.